शाळेतला तान्हा पोळा आणि 'सर्वसमावेशक धोरण': नागपूरकरांनो, मदत करा

गोकुळपेठी (धागाकर्ती), १२ जुलै, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

माझी मुलगी पश्चिम नागपुरातल्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत चौथीत आहे. शाळेचं नाव सांगत नाही, विचारूही नका. या वर्षी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यात माझं नाव आलं. (२०११च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे ही समिती चिठ्ठ्या टाकूनच निवडायची असते आणि निम्म्या बायका हव्यात. मी आजवर समजत होते की प्रिन्सिपॉल मॅडम ओळखीतले लोक घेतात.)

पहिल्याच बैठकीत ट्रस्टच्या साहेबांनी सांगितलं, 'विविधता, समता आणि समावेशन' यावर शाळेचं धोरण हवंय. वेबसाइटवर टाकायचंय, पुढच्या प्रवेशाच्या आधी. मी 'बरं लिहिते' म्हणून काम माझ्या गळ्यात. नमुना म्हणून चौदा पानं हातात दिली, कुठल्याशा परदेशी शाळेची. रात्री जेवण आटोपून वाचली. वंश आहे, वर्ण आहे, मातृभाषा इंग्रजी नसलेल्या स्थलांतरितांबद्दल दीड पान आहे. जात नाही. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के मोफत जागा, नाही. डबा नाही. आमच्या शाळेत मातृभाषा इंग्रजी असलेलं एकही मूल नाही, त्यामुळे त्या दीड पानाच्या हिशेबाने आम्ही सगळेच स्थलांतरित.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षीचा तान्हा पोळा. (बाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे चार पैसे, मिळवतात. शाळा एकदोन दिवस आधी उरकून घेतात.) मैदानात सगळे पोट्टे रांगेत उभे. एकाचा बैल जवळपास त्याच्याच उंचीचा, सागवानी, चाकांवरचा. शिंगांना पितळी शेंब्या, पाठीवर मखमली झूल. गाडीच्या डिकीतून उतरवायला दोन माणसं लागली. 'उत्कृष्ट बैल सजावट' कोणाला मिळालं ते वेगळं सांगत नाही.

माझ्या मुलीच्या बाकावर बसणारा मुलगा त्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला, म्हणाला ताप होता. मुलगी घरी येऊन मला म्हणते, "आई, त्याला फॅन्सी ड्रेसच्या दिवशी पण ताप होता."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. धोरणात काय लिहू? तुमच्या शाळांत काय केलं, काय फसलं, तेवढं सांगा. मोठे शब्द माझ्याकडे चौदा पानं भरून आहेत.

---

रेशीमबागी, १२ जुलै, रात्री १०.५२

पहिला नंबर माझा. आणि विरोधी पक्षाचाही.

ताई, भावना समजली. पण मी वर्षाला नव्वद हजार फी भरतो, व्हॅनचे वेगळे. मुलाला मोठा बैल घेऊन दिला तर तो गुन्हा झाला का? उद्या म्हणाल वाढदिवसाला चॉकलेट वाटू नका. परवा म्हणाल पहिला नंबर काढू नका, बाकीच्यांना वाईट वाटतं. आरटीईत गाडीवाल्यांची पोरं खोट्या दाखल्यांवर शिरतात ते कोणी बोलत नाही. २०२४ मध्ये नागपुरातच बनावट कागदपत्रांचे गुन्हे नोंदले गेले. आधी ते पाहा.

---

खडूचा_तुकडा, १२ जुलै, रात्री ११.३०

मी शिक्षिका आहे, बावीस वर्षं झाली. सध्या शाळा दुसरी, पण जे सांगते ते आधीच्या शाळेतलं.

गोकुळपेठी ताई, तुमच्या मुलीने तुमचं अर्धं धोरण एका वाक्यात लिहून दिलंय. एक काम करा. मॅडमकडून गेल्या वर्षीचा हजेरीपट मागा. रोजचा नको. फक्त तान्हा पोळा, फॅन्सी ड्रेस, कलर डे, सहल, स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम, ग्रँडपेरेंट्स डे, एवढ्या तारखा काढा आणि गैरहजर मुलांची नावं एकाखाली एक लिहा.

मी एकदा हे केलं होतं, ठरवून नाही. वार्षिक हजेरीची टक्केवारी काढत बसले होते. त्रेचाळीस मुलांच्या वर्गात नऊ नावं अशी निघाली की अभ्यासाच्या दिवशी एकदम नियमित आणि सणाच्या दिवशी गायब. नऊतली सात आरटीईची. आठवी होती एका शिपाईमामांची मुलगी, पूर्ण फी भरणारी. नववा मुलगा चांगल्या घरचा. त्याला मोठा आवाज सहन होत नसे आणि आमचे सगळे उत्सव डीजेवर. म्हणजे प्रश्न फक्त पैशाचा नाही हेही त्याच कागदावर दिसलं.

कलर डेची गंमत सांगते. 'उद्या पिवळा ड्रेस' असा मेसेज संध्याकाळी सात वाजता ॲपवर. ज्याच्या घरी पिवळा शर्ट आहे त्याला काही नाही. ज्याच्या घरी नाही त्याच्या आईला रात्री आठला बर्डीच्या बाजारात धावणं आलं, नाहीतर ताप. आम्ही नंतर एवढंच केलं: 'पिवळं काहीही चालेल, झेंडूचं फूलही'. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग झेंडू खोचून आला, गाडीवाल्यांची मुलंसुद्धा. दहा रुपयांचं काम.

रेशीमबागी सर, खोटे दाखले मीही पाहिलेत. त्यांना पकडा, जरूर. पण खोट्या दाखल्याचं मूल तान्ह्या पोळ्याला घरी बसत नाही. बसतं ते खऱ्या दाखल्याचं.

---

पुण्यातला_नागपूरकर, १३ जुलै, सकाळी ८.०५

शेवटच्या दोन वाक्यांना +१००.

माझा अनुभव भाषेचा. आम्ही घरी 'काय करून राहिला?' असंच बोलायचो. शाळेत मराठीच्याच बाईंनी सगळ्या वर्गासमोर सुधारलं, 'करून राहिला नाही, करतो आहेस'. वर्ग हसला. मी तेव्हापासून मराठीच्या तासाला हात वर केला नाही. इंग्रजीच्या तासाला करायचो, कारण तिथे सगळेच चुकायचे. त्या शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड होता, आणि मैदानावर मात्र सगळे, सर लोकांसकट, हिंदी. हिंदीला दंड नव्हता. याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

---

टेकानाका, १३ जुलै, सकाळी ९.४०

मी आरटीईचाच पोट्टा आहे. पहिल्यांदा लिहून राहिलो इथं, चुकलं तर सांभाळून घ्या.

२०१२ मध्ये पहिलीत लागलो. नंबर लागला तवा आईनं पेढे वाटले होते. शाळा खरंच चांगली होती, हे आधी सांगतो. विज्ञानाच्या मॅडम होत्या, त्याहिच्यामुळेच मी आज इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाले आहो.

पण तीन गोष्टी सांगतो.

वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की क्लर्क सर दारातूनच ओरडत, "एससीवाले, एसटीवाले, ओबीसीवाले उभे राहा." आमी उभे. बाकीचे बसून पाहत. फॉर्म घरी पाठवला असता तरी चाललं असतं. लिफाफ्यात टाकला असता तर एक रुपया खर्च.

दुसरं, पुस्तकं. आमाले ती मोफत होती, पण जून संपून जुलै लागला तरी भेटत नसत. तोवर शेजारच्याच्या पुस्तकात पाहायचं. शेजारी रुसला की पुस्तक तिकडे सरकवायचा. आता कायदा वाचला तर नियमातच लिहून आहे: वर्ग वेगळा नको, वेळ वेगळी नको, पुस्तकं, गणवेश, लायब्ररी, कॉम्प्युटर, खेळ, कशातच फरक नको. बारा वर्षाच्या पोराले हे कोण सांगणार?

तिसरं सगळ्यात मोठं. आरटीई आठवीपर्यंतच हाये. मार्च २०२० मध्ये माही आठवी संपली, त्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं. माह्या बाबाचा ऑटो दारात उभा. आणि जूनमध्ये शाळेचा मेसेज आला, नववीची पूर्ण फी भरा नाहीतर टीसी न्या. आमी सात जण होतो त्या तुकडीत. चौघं गेले. मीही गेलो, नागपुरातल्याच इंदोऱ्याकडच्या एका अनुदानित शाळेत. तिथं माध्यम सेमी, सगळं नवीन, अन् वर्ग मोबाइलवर. आठ वर्षं ज्याहिच्या संग डबा खाल्ला त्याहिले नंतर बारावीच्या क्लासमध्ये पाहिलं, तवा त्याहिनं विचारलं, "तू काहून सोडली बे शाळा?" त्याले खरंच माहीत नव्हतं.

ताई, तुमच्या धोरणात नववीचं लिहा. बाकी नाही लिहिलं तरी चालते.

---

रेशीमबागी, १३ जुलै, सकाळी १०.१२

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे आठवीपर्यंत असतं हे माहीत होतं, पण नववीत पोरांचं काय होतं असा विचार केला नव्हता.

माझा मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. नववीचा खर्च कोण करणार? शेवटी माझीच फी वाढणार ना?

---

हिशेबी, १३ जुलै, दुपारी १.२०

दोन शाळांचं ऑडिट पाहतो, म्हणून आकड्यांपुरतं बोलतो.

पंचवीस टक्के जागा शाळांनी मनाच्या मोठेपणाने दिलेल्या नाहीत. २००९चा कायदा, १ एप्रिल २०१०पासून लागू, कलम १२(१)(ग). शाळा सुप्रीम कोर्टात गेल्या, १२ एप्रिल २०१२ला हरल्या. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेव्हा सुटल्या, २०१४ मध्ये सगळ्याच अल्पसंख्याक शाळा सुटल्या. तेव्हापासून काही संस्थांना आपण अल्पसंख्याक असल्याचं अचानक आठवायला लागलं, तो वेगळा विषय.

सरकार दर मुलामागे पैसे परत करतं. महाराष्ट्रात गेली काही वर्षं कमाल १७,६७० रुपये. शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच. तेही वेळेवर येत नाहीत. थकबाकी वर्षानुवर्षं. त्यामुळे नव्वद हजार फी असलेल्या शाळेचा ट्रस्टी कुरकुरतो ते सगळं नाटक नसतं. रेशीमबागी यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, फरकाचा काही भाग फीमध्ये वळतोच.

पण नववीचा हिशेब पाहा. पहिलीला लागलेली सगळी आरटीईची मुलं आठवीपर्यंत टिकत नाहीत. समजा सात उरली. नववी-दहावी मिळून एका वेळी चौदा मुलं. बाराशे मुलांच्या शाळेत चौदा. निम्मी फी माफ करायची तर सहा लाख तीस हजार वर्षाला, म्हणजे फी भरणाऱ्या प्रत्येक मुलामागे महिन्याला साठ रुपयांच्या आसपास. स्नेहसंमेलनाच्या लाइट-साउंडचं बिल मी पाहतो, त्यापुढे ही रक्कम लाजते. पालकांवर टाकूच नका, त्या बिलातून काढा.

आणि निर्णय सातवीत असतानाच लेखी द्या. घराला दोन वर्षं मिळतात. जूनमध्ये मेसेज करून लगेच टीसी, हा प्रकार हिशेबातही बसत नाही.

---

जुनी_वही, १३ जुलै, रात्री ९.१५

सगळे फी आणि जातीवर बोलताहेत, रास्त आहे, पण माझं मूल या चर्चेत कुठेच नाही म्हणून लिहिते.

मुलगा सहावीत. चालताना आधार लागतो. पाचवीपर्यंत वर्ग तळमजल्यावर होता. सहावीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. शाळेला लिफ्ट आहे. लिफ्टची किल्ली ऑफिसात. ऑफिस उघडतं साडेनऊला, शाळा भरते सव्वासातला. मी तीन महिने मुलाला उचलून वर नेलं, नागपूरच्या एप्रिलमध्येसुद्धा. विचारलं तर म्हणाले, लिफ्ट पाहुण्यांसाठी आहे, मुलं खेळ करतात. मग म्हणाले, तुम्ही स्वखर्चाने मदतनीस ठेवा.

एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला २०१६चा दिव्यांग हक्क कायदा दाखवला. कलम १६. सरकारी अनुदान घेणारीच नव्हे, सरकारने मान्यता दिलेली प्रत्येक शाळा त्यात येते. मी पत्र लिहिलं, कलम टाकून, भांडण न करता. चौथ्या दिवशी सहावी 'ब' आणि तिसरी 'अ' यांच्या खोल्या बदलल्या. खर्च शून्य. दोन शिपाई आणि एक दुपार.

आता त्याच्या वर्गातले पोट्टे त्याला थँक्यू म्हणतात, कारण तळमजल्यावरून मैदान जवळ.

अजून एक. वाचायला-लिहायला खरंच अडचण येणाऱ्या मुलांना दहावीला जास्तीचा वेळ, लेखनिक, अशा सवलती मिळतात. त्यासाठी वेळेत तपासणी आणि दाखला लागतो. हे पालकांना कोण सांगतं? ज्यांच्या ओळखीत डॉक्टर आहे त्यांना कळतं. बाकीच्यांची मुलं दहावीपर्यंत 'आळशी' असतात.

---

इतवारी_किराणा, १३ जुलै, रात्री ९.४८

डब्याचं कोणी बोलेल का? आमच्या पोराच्या शाळेत 'फक्त शाकाहारी डबा' असा फलक. अंडंसुद्धा नाही. सावजी मटणाच्या गावात!

---

रेशीमबागी, १३ जुलै, रात्री १०.०१

आम्ही शुद्ध शाकाहारी. बाजूला वास आला तर माझी मुलगी जेवत नाही. तिच्या समावेशनाचं काय?

---

खडूचा_तुकडा, १३ जुलै, रात्री १०.४०

दोघांचंही ऐकून घ्यावं लागेल, आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही ज्याला जिथे बसायचं तिथे बसू द्यायचो, नियम एकच: दुसऱ्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडायचं नाही. मोठ्यांनाही लागू. फलक लावला की मुलाला कळतं की आपल्या घरातलं जेवण शाळेच्या दारात थांबवलं जातं. एका मुलीने मला खालच्या आवाजात विचारलं होतं, "बाई, घरी सुकट केली तर दुसऱ्या दिवशी शाळेत आलेलं चालतं का?" सातवीतली मुलगी. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. प्रश्न आठवतो.

---

जुनं_नागपूर, १४ जुलै, सकाळी ७.३०

थोडं मागे जाऊ. नागपूरच्या बाहेर जाण्याची गरज नाही.

जाईबाई चौधरी, जन्म १८९२, उमरेडच्या. महार कुटुंब. दुष्काळात नागपूरला आले. मुलगी नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहायची. एका मिशनरी सिस्टरने तिला हेरलं, मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका केलं. मग पालकांना कळलं की आपल्या मुलांना शिकवणारी बाई अस्पृश्य आहे. त्यांनी मुलं काढायची धमकी दिली आणि शाळेने बाईंना काढलं. जाईबाईंनी १९२२ मध्ये इंदोऱ्यात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. पुढे १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं, तिथे याच जाईबाईंना जेवणाच्या वेळी वेगळं बसवलं. सुशिक्षित, सुधारक बायकांच्या परिषदेत.

धाग्यात शाळेचं व्यवस्थापन आणि पालकांचा दबाव असं दोन्ही वाचलं म्हणून आठवलं. त्या शाळेचं व्यवस्थापन वाईट नव्हतं, त्यांनीच बाईंना नोकरी दिली होती. पालक मोजून झाले, तेव्हा बाई गेल्या. टेकानाका भाऊ इंदोऱ्याच्या शाळेत गेले हेही वाचलं.

---

टेकानाका, १४ जुलै, सकाळी ८.१०

माह्या आजीनं तिकडचंच सांगितलं होतं काहीतरी, शाळेच्या बाई डोक्यावर ओझं वाहत होत्या म्हणून. मले वाटे गोष्ट हाये.

---

हिशेबी, १४ जुलै, सकाळी ११.००

ताई, एक व्यवहारी सूचना. ज्या २०११च्या कायद्याने तुमची चिठ्ठी निघाली त्याच कायद्यात कार्यकारी समितीवर मागास प्रवर्गातल्या आणि अल्पसंख्याक पालकांचंही प्रतिनिधित्व अपेक्षित आहे. तुमच्या समितीत आरटीईचा एक तरी पालक आहे का? असेल तर बैठक किती वाजता घेता?

---

गोकुळपेठी, १४ जुलै, रात्री ११.२०

हिशेबी सर, तुम्ही पकडलंत.

आहेत. एक ताई आहेत, दोन घरी स्वयंपाकाला जातात. पहिली बैठक सकाळी अकराला होती. त्या आल्या, तासभर बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही सगळे इंग्रजीत बोलत होतो. एकही मुद्दा असा नव्हता जो मराठीत बोलता आला नसता. आज त्यांना फोन केला. म्हणाल्या, "त्या दिवशी एक घर बुडालं ताई, पण काम मोठं होतं म्हणून आली." मी विचारलं तुम्हाला काय वाटतं, काय बदलावं. मला वाटलं फी म्हणतील, पुस्तकं म्हणतील. म्हणाल्या, "ॲपवरचं इंग्लिश पोरगंच वाचून दाखवते. त्याला जे नाही सांगायचं ते ते सांगत नाही."

हजेरीपटही मिळाला. चौथीच्या तीन तुकड्या. अकरा नावं. बाकावरच्या मुलाचं नाव पाच दिवसांपैकी पाचही दिवस.

---

रेशीमबागी, १५ जुलै, सकाळी ७.५०

अकरापैकी फी भरणारे किती?

---

गोकुळपेठी, १५ जुलै, सकाळी ८.२५

तीन.

---

रेशीमबागी, १५ जुलै, सकाळी ८.३१

हं.

मोठ्या बैलावर बंदी घालू नका एवढंच म्हणतो. बैल करणाऱ्या सुतारांचं पोट या एका सणावर असतं. वर्षभर पॉलिश करून ठेवतात.

---

खडूचा_तुकडा, १५ जुलै, दुपारी ३.१०

हा मुद्दा सरांचा बरोबर आहे आणि माझ्या लक्षातच आला नव्हता. मोठा बैल मोहल्ल्याच्या तान्ह्या पोळ्यात मिरवू द्या, तिथे त्याचीच शोभा. शाळेत मात्र हस्तकलेच्या तासाला सगळ्यांनी मातीचे करा, वीतभर. आणि ताई, सुताराला एक दिवस शाळेत बोलवा, मानधन देऊन. बैलाचं वशिंड कसं कोरतात ते मुलांनी कधी पाहिलंय?

---

गोकुळपेठी, २१ ऑगस्ट, रात्री ९.३०

धागा वर काढते. कोणी विचारलं नाही, तरी सांगते.

धोरण दीड पानाचं झालं. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हीत. सणाच्या दिवसासाठी काही विकत आणायला सांगायचं नाही. सूचना ॲपवर मराठी-हिंदीत, सोबत आवाजातही, आणि कमीत कमी चार दिवस आधी. शिष्यवृत्तीचे फॉर्म लिफाफ्यात. पुस्तकं सगळ्यांना एकाच दिवशी. समितीची बैठक दुपारी चारला, मराठीत. वर्ग कोणत्या मजल्यावर हे मुलं पाहून ठरवायचं. डब्याचा फलक निघाला नाही. त्यावर दोन बैठका भांडलो आणि तो तिथेच आहे. नववीचं कलम ट्रस्टने 'विचाराधीन' ठेवलं. लेखी मागितलंय.

ट्रस्टच्या साहेबांनी वाचून म्हटलं, "छान आहे, पण फार लोकल वाटतं." वेबसाइटवर अखेर ती चौदा पानंच चढली, शाळेचा लोगो लावून. दीड पान ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलं आहे.

आज पोळा झाला शाळेत. अर्धी शाळा, त्यानंतर मैदान. मातीचे बैल कालपर्यंत वाळलेच नव्हते, पावसाने घात केला. तिघांच्या बैलांची शिंगं रांगेतच गळाली, एकाचा पाय गेला, तो त्याने आइस्क्रीमच्या काडीचा लावला. सुतारकाका आले होते, खुर्चीवर बसायला तयार नव्हते, मुलांच्या गराड्यात जमिनीवर बसून तासभर कोरत राहिले. बक्षीस नव्हतं. बोजारा सगळ्यांना दहा-दहा रुपये, नवी नोट. बाकावरचा मुलगा आला होता. त्याचा बैल आमच्या मुलीच्या मते बैल नसून डुक्कर आहे, आणि यावर परतीच्या रस्त्यात तिने बरंच भाषण केलं.

अकरापैकी नऊ आले. न आलेल्या एका मुलीला खरोखर ताप होता, मी घरी जाऊन पाहिलं. दुसऱ्याच्या आईने सांगितलं ते ऐकून मी गप्पच झाले: अर्ध्या शाळेच्या दिवशी व्हॅनवाला दुपारची फेरी लवकर मारत नाही, आणि तिला काम सोडून घ्यायला येता येत नाही. म्हणजे अर्धी शाळा असली की त्याची पूर्ण सुट्टी. वर्षातून असे किती दिवस, मोजायला घेतलंय.

तर प्रश्न: तुमच्या शाळांत व्हॅनवाल्यांशी असं ठरवून कोणी घेतलंय का? जास्तीच्या फेरीचे किती घेतात? मानेवाडा ते त्रिमूर्तीनगर पट्ट्यातले दर माहीत असतील तर सांगा.

---

रेशीमबागी, २१ ऑगस्ट, रात्री ९.५५

आमच्या व्हॅनवाल्याचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो. माणूस सरळ आहे, पण डिझेलचं आधी बोलून घ्या.